न्याहारीचा शोध

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुनिरका येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत, इतिहास अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी आज न्याहारीवर बोलणार आहे. विषय हलका वाटेल. परंतु परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या प्रांताची आठवण ग्रंथाआधी फोडणीच्या वासाने होते, हे आपणांपैकी कोणी नाकारील असे मला वाटत नाही. आसपासच्या साध्या उपाहारगृहांत पारंपरिक न्याहारी उत्तम मिळते ती कशी, आणि तीत आपलीच न्याहारी का नसते, एवढाच माझा प्रश्न आहे.

मुनिरका हे मुळात टोकस जाटांचे जुने गाव. एका अंगाला रामकृष्णपुरमची सरकारी वसाहत, दुसऱ्या अंगाला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. साहजिकच गावाच्या अरुंद गल्ल्यांत देशभरचे विद्यार्थी आणि नोकरदार भाड्याने राहू लागले आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या चुलीही आल्या. येथे केरळी खाणावळी आहेत, ईशान्य भारतातील मुलामुलींनी चालविलेली छोटी उपाहारगृहे आहेत. रामकृष्णपुरमला मलै मंदिर आणि तमिळ संघम असल्याने इडली-दोशाची तर या परिसरात वानवाच नाही. म्हणजे ज्याने त्याने आपली सकाळ बरोबर आणली. आणली नाही ती आपण.

खुद्द दिल्लीच्या न्याहारीकडेही आपण उपऱ्याच्या नजरेने पाहू नये. आपल्या नूतन मराठी शाळेमुळे आणि बृहन्महाराष्ट्र भवनामुळे पहाडगंज आपणां सर्वांस परिचित आहे. त्याच पहाडगंजात सीताराम दिवानचंद यांचे छोले-भटुरे मिळतात. १९४७च्या फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांनी या पदार्थाला दिल्लीत घरोघर पोहोचविले. सर्वस्व मागे टाकून आलेल्या माणसांनी कढई आणि हातची चव यांवर संसार पुन्हा उभे केले, ही गोष्ट तो घास घेताना विसरू नये. चावडी बाजारात बेडमी पुरी मिळते. उडदाच्या डाळीचे वाटण घातलेली ही पुरी बटाट्याच्या झणझणीत रश्शाबरोबर खातात. तेथलाच नागोरी हलवा म्हणजे रव्याची लहान, खुसखुशीत पुरी आणि सोबत शिरा. शिरा-पुरीवर वाढलेल्या आपल्या जिभेला त्यात परके असे काय आहे?

अशी ठिकाणे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. पाटीवर पन्नास पदार्थ असतील तर एकही धड नसतो. दोन-तीनच असतील तर थांबावे. कढई समोर असावी आणि माल सकाळी दहा-साडेदहाला संपलेला असावा. गिऱ्हाइकांत रिक्षावाला आणि कचेरीतला साहेब शेजारी शेजारी उभे असावेत. बसावयास खुर्ची आहे की नाही, हा प्रश्न सर्वांत शेवटचा.

या खुणा घेऊन मराठी न्याहारी शोधू लागलो, तर मुनिरक्याहून मेट्रोत बसावे लागते. ही सोय २०१८पासून झाली. हौज खासला गाडी बदलून आय.एन.ए.ला उतरले की १९९४ साली सुरू झालेले दिल्ली हाट. तेथे राज्याराज्यांच्या खाद्यपदार्थांत आपलेही दालन असते. त्याहून पुढे कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली उभे राहिलेले नवे महाराष्ट्र सदन. तेथील उपाहारगृहात मिसळ, वडा, साबुदाण्याची खिचडी यांची भेट होते. परंतु हे सणासुदीचे जाणे झाले. ज्या न्याहारीसाठी तास दीड तास प्रवास करावा लागतो, ती न्याहारी उरत नाही. ती यात्रा होते.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० सालचे. दादरच्याच आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका संस्थेने जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरविले. आपल्या मटकीच्या उसळीला विलायतेची पावती मिळाली म्हणून आपण सारे हरखलो. परंतु ही परंपरा केवळ मालकांची नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराच्या फासातून सोडविले. उलट १९९५ साली शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. ती योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली. यातून मला एवढेच दिसते की पदार्थ जगतो तो रोजच्या गिऱ्हाइकावर आणि करणाऱ्याच्या हाताला मिळणाऱ्या रास्त मोलावर.

येथेच आपली अडचण आहे. दिल्लीतील मराठी माणूस मुख्यतः नोकरीसाठी आला. तीन वर्षांनी बदली, निवृत्तीनंतर पुण्याला किंवा नागपूरला घर, अशी आपली रीत. दुकान टाकून बसणारे आपल्यात थोडे, आणि विखुरलेल्या वस्तीमुळे एका गल्लीत रोजचे गिऱ्हाईक मिळणार नाही. तेव्हा मुनिरक्यात मराठी उपाहारगृह निघावे अशी नुसती इच्छा करून उपयोग नाही.

परंतु इतिहासाने आपल्याला दुसरा मार्ग दाखविला आहे. होळकरांच्या इंदूरला पाहा. तेथे सकाळ उजाडते ती पोहे-जिलबीने. गाडीवाला मराठी असतोच असे नाही, वर घातलेली शेव माळव्याची, बडीशेपेचा स्वादही तिकडचा. आणि खाणारा म्हणतो, हा आमच्या इंदूरचा पदार्थ. गायकवाडांच्या बडोद्यात शेव-उसळ तशीच गुजराती होऊन नांदते आहे. जो पदार्थ आपण घरात जपून ठेवला तो आपल्याबरोबर बदलून गेला. जो दुसऱ्याच्या हाती दिला तो तेथे राहिला. काहींना हे भ्रष्ट वाटेल. मला ते वारसा सोपविणे वाटते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना मांडतो. आपल्या बाजारातील एखाद्या हलवायाला महिन्यातून दोन रविवारी चाळीस बशा पोह्यांचे निश्चित गिऱ्हाईक मंडळाने मिळवून द्यावे आणि आपल्या भगिनींनी त्याला ते करावयास शिकवावे. कच्चा माल दारातच आहे. आपण ज्याला पोहे म्हणतो त्याला बिहारी बांधव चुडा, हिंदी भाषक चिउडा म्हणतात. आपला तळलेला चिवडा निराळा, एवढा घोटाळा आधी निस्तरला की झाले. पुढे सांगावयाचे ते थोडेच: पोहे जाड घ्यावेत, चाळणीत धुऊन निथळत ठेवावेत, बुडवून ठेवू नयेत, मोहरी तडतडल्यावर हिंग, हळद, मिरची, कढीलिंब, कांदा परतावा, करपवू नये, झाकण ठेवून एक वाफ, वरून लिंबू, कोथिंबीर आणि ओले खोबरे. नवरात्रात हाच हलवाई साबुदाण्याची खिचडी करतोच. दाण्याचे कूट सढळ हाताने घालावयास त्याला शिकविले की तीही आपली झाली. शिकविणाऱ्या भगिनींना मंडळाने मानधन द्यावे, हेही मी आग्रहाने सांगतो. आजवर या ज्ञानाचे मोल आपण केवळ कौतुकाच्या शब्दांत चुकविले आहे.

आपली मुले येथे जन्मली, येथेच वाढली. त्यांच्या लेखी पोहे हा आईच्या घरात, रविवारी, दार लावून खाण्याचा पदार्थ आहे. तो कोपऱ्यावरच्या दुकानात, मित्रांबरोबर, उभ्याने खाण्याचा झाला, तर तो त्यांचाही होईल. आणि आपण बदलून किंवा निवृत्त होऊन गेल्यावर मुनिरक्याच्या एका गल्लीत सकाळी कढीलिंबाची फोडणी तडतडत राहील.