वारकऱ्याचा अंगठा
(शताब्दी सोहळ्यात खामगाव मुक्कामी झालेलं भाषण)

 

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. आधीच्या मंडळींनी इतिहास चांगला सांगितला, तो आम्ही पुन्हा उगाळत नाही. आम्ही चौथी शिकलेलो, शेती करतो अन् कीर्तन करतो. मंडळानं सांगितलं, महाराज, यंदा काही कामाचं बोला. म्हणून आज निरूपण नाही. आज पायाबद्दल बोलू, त्यातही फक्त अंगठ्याबद्दल.

मुक्कामावर पाय चेपत बसलेली माणसं पाहा. कित्येकांचा, त्यातही बायांचा, पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडं वळलेला असतो अन् अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला टेंगूळ आलेलं असतं. चपलेचा पट्टा तिथं लागला की डोळ्यात पाणी येते. आपण म्हणतो हाड वाढलं, वात आला. कोणी बिब्बा लावते, कोणी रुईचं पान शेकून बांधते. बिब्ब्यानं कातडी भाजते, टेंगूळ तिथंच राहते.

डॉक्टर त्याला बनियन म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं, पाय दुखते अन् हे अंगातली बनियन काढायला लावतात की काय! इंग्रजीत त्या टेंगळाचंच ते नाव आहे. अन् खरी गोष्ट अशी, की तिथं नवं हाड वाढतच नाही. अंगठ्यामागचं पंजातलं लांब हाड बाहेर सरकते, अंगठा उलट्या बाजूला वळतो अन् त्या सांध्याचं टोक वर दिसते. वरून चप्पल घासते, म्हणून सूज.

हे होते कशानं? एक तर घराण्यात चालत येते. आईला असलं तर लेकीला होऊ शकते. दुसरं, निमुळत्या तोंडाचे बूट-चपला. 1958 साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी बूट घालणाऱ्या अन् अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांचे पाय तपासले. बूटवाल्यांत शंभरात 33 जणांचा अंगठा वळलेला, अनवाणी लोकांत शंभरात दोनसुद्धा नाही. पण म्हणून कोणी अनवाणी वारीचा नेम धरू नका. डांबर आहे, काच आहे, बाभळीचा काटा आहे. साखरेचा आजार असलेल्यानं तर पायात वहाण असल्याशिवाय अंगणातही जाऊ नये.

आधी साधे उपाय करायचे. पुढून रुंद चप्पल, टेंगळावर मऊ गादी, दोन बोटांत ठेवायचा रबराचा तुकडा. त्यानं दुखणं कमी होते, अंगठा सरळ होत नाही. दुखत नसेल तर ऑपरेशनच्या वाटेला जाऊच नका. पाय सुंदर दिसावा म्हणून हे करायचं नाही. पण रुंद चप्पल घालूनही रोजचं चालणं, निंदण, वेचणी होत नसेल, तर मग डॉक्टरांशी बोलावं.

पूर्वी काही ठिकाणी नुसतं टेंगूळ तासून टाकत. आता तुम्हीच सांगा, वाकलेल्या खांबाचा फुगवटा रंध्यानं तासला तर खांब सरळ होतो का? दुखणं फिरून येई. आता डॉक्टर ते लांब हाड कापतात, सरकवून जागेवर आणतात अन् बारीक स्क्रूनं पक्कं करतात. फारच वाकलेलं असेल तर मागचा सांधाच जोडून टाकतात. काही ठिकाणी तर मोठी चीर न देता, चार-दोन बारीक छिद्रांतून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हाड कापतात. पुष्कळदा पायच बधिर करतात, माणूस जागा असतो. कोणती पद्धत कोणाला, हे डॉक्टर उभ्यानं काढलेला एक्स-रे पाहून ठरवतात. झोपून काढला तर पायावर भार नसतो, वाकडेपण नीट कळत नाही.

आमच्या कुटुंबाचा उजवा पाय असाच झाला होता. दोन वर्षं वारी चुकली. म्हणे, "माह्याच्यानं आता चालनं होत नाही, तुमी जा." आळीतल्या बाया म्हणत, देवाची मर्जी. आम्हाला हे बोलणं पटत नाही. पाय दुखला म्हणजे देवानं नको म्हटलं, असं कोणत्या संतानं सांगितलं? कार्तिकी झाल्यावर ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशीपासून जाड तळाच्या खास बुटात, टाचेवर भार देऊन संडासापर्यंत चालवलं. हाड जुळायला दीड महिना. सूज मात्र लवकर गेली नाही, सांजच्याला पाय फुगायचा. आषाढीला त्या घरीच राहिल्या अन् खूप रडल्या. पण श्रावणात गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परत आली, तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा त्या पायी चालल्या. अंगठा पहिल्यासारखा वाकत नाही, थोडा आखडला आहे. ते त्या चालवून घेतात.

धोकेही आहेत. जखम चिघळू शकते, बोट बधिर राहू शकते, वाकडेपण काही जणांत परत येते. साखर आटोक्यात नसेल तर आधी ती आणावी लागते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळते, म्हणून डॉक्टर आधीच सोडायला लावतात. अन् ज्येष्ठात ऑपरेशन करून आषाढीला चालतो म्हणणारा हट्ट कोणी करू नये. पेरणी-वेचणीचा हिशेब घरात बसवा. दीड-दोन महिने बाईला चुलीपुढं अन् गोठ्यात उभं राहावं लागणार नाही, अशी सोय आधी करा. सून नसेल तर लेकानं भाकरी थापावी, हात झिजत नाहीत.

ज्यांच्या पायाला असं टेंगूळ आहे त्यांनी आज महाप्रसाद झाल्यावर विणेकऱ्यांजवळ नाव द्या. आधी इथल्या सामान्य रुग्णालयात दाखवू, गरज पडली तर मिळून अकोल्याला जाऊ. सरकारी योजनेत बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येते. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा, अन् रोज घालता तीच चप्पल घालून या, डॉक्टरांना ती पाहायची असते.