निरोपाचे आठवडे आणि पाहुण्यांचा धर्म

(अमळनेर येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अमळनेरमध्ये उभे राहून पाहुणचारावर बोलायचे, हे तसे धाडसच म्हटले पाहिजे. वैशाखात संत सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात जनसागर लोटतो, तेव्हा इथल्या घरांतून कोण घरचे आणि कोण पाहुणे हे ओळखणे अवघड होते. अशा गावाला आतिथ्य शिकवण्याचा अधिकार मला नाही. मी बोलणार आहे ते त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूविषयी, म्हणजे पाहुण्याच्या कर्तव्याविषयी.

आज खान्देशातल्या गावागावांतून मुले-मुली उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. शेत गहाण ठेवून, कर्ज काढून आईबाप त्यांना पाठवतात. दोन वर्षे कशीबशी सरतात आणि पदवीदानाची तारीख जवळ आली, की घरात उत्साहाचे वारे वाहू लागते. 'मुलगा तिथे आहे तोवर एकदा पाहून येऊ' असे आपण म्हणतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु हेच आठवडे त्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातले सर्वांत ओढाताणीचे असतात, याची जाणीव आपल्याला क्वचितच असते. मला स्वतःला ती नव्हती, हे आधी कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी माझा भाचा इंग्लंडमध्ये शिकत होता. प्रबंध सादर करण्याला तीन आठवडे उरले असताना आम्ही उभयता त्याच्याकडे दाखल झालो. सामानात बिबड्या, शेवया, गूळशेंगदाण्याचे लाडू आणि त्याच्या आईने दिलेला काळा मसाला. विमानतळावर तो घ्यायला आला. त्याने आपला पलंग आम्हाला दिला आणि स्वतः खाली अंथरूण घातले. दिवसा त्याने आम्हाला राजवाडे, संग्रहालये, नदीकाठ असे सारे दाखवले. रात्री एकदा पाणी प्यायला उठलो, तर हा स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभा राहून संगणकावर काम करत होता. "मामा, झोपा तुम्ही. थोडंसंच राहिलंय," असे तो हसत म्हणाला, आणि मीही त्यावर विश्वास ठेवून खुशाल झोपलो! परत आल्यावर भाच्याच्या पाहुणचाराचे कौतुक सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलो. पुढे कधीतरी बहिणीच्या बोलण्यातून कळले, की त्या आठवड्यात त्याच्या अंगात ताप होता. प्रबंध त्याने शेवटच्या घटकेला सादर केला होता. शिवाय खोली रिकामी करून द्यायची होती, घरमालकाकडून अनामत रक्कम परत मिळवायची होती, पुस्तके खोक्यांत भरायची होती, सायकल विकायची होती. यातले अक्षरही त्याने आम्हाला कळू दिले नाही. तो आपला धर्म पाळत होता. पाहुणे म्हणून आमचा जो धर्म होता, तो मात्र आम्ही पाळला नाही.

त्यानंतर मी आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. शाळेतल्या धड्यात आपण त्यांना भेटलेलो असतो, म्हणून त्या आपल्याला ठाऊक आहेत असे वाटते. परंतु या खेपेस माझे लक्ष त्यांच्या पदवीवर न जाता त्या पदवीच्या आधीच्या दिवसांवर खिळले.

प्रसंग थोडक्यात सांगतो. 31 मार्च 1865 रोजी कल्याणला जन्मलेली यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांची पत्नी आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून वैद्यकी शिकण्याचा निश्चय जन्मला. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. त्याने सुचवलेला मार्ग धर्मांतराचा होता, आणि तो या दांपत्याने पत्करला नाही. तेच पत्र मिशनच्या नियतकालिकात छापून आले आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्या बाईंनी कोणतीही अट न घालता या अनोळखी मुलीला आपल्या घराचे दार उघडले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. निघण्यापूर्वी, 24 फेब्रुवारी 1883 रोजी, श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण केले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे ठामपणे सांगितले. (हे श्रीरामपूर म्हणजे आपले अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, कोलकात्याजवळचे.) त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शब्द पाळला. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या, एवढाच काय तो बदल. पण त्या हवेत, त्या आहारावर, अभ्यासाचा भार वाहताना प्रकृती ढासळत गेली.

आता शेवटचे महिने पाहा. प्रबंध लिहायचा होता. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या पूर्वजांच्या वैद्यकज्ञानाची मांडणी करण्याचे हे काम होते. अशा वेळी घरचे माणूस आले. 1885 मध्ये गोपाळराव ब्रह्मदेश, जपान असा वळसा घेत अमेरिकेत पोहोचले. पत्नीला शिकवण्याचे त्यांचे ऋण महाराष्ट्राने कधी विसरू नये. परंतु स्वभाव तिखट, लहरी. दूर असतानाच त्यांच्या पत्रांतले टोमणे आनंदीबाईंनी सोसले होते. आता ते जाहीर व्याख्यानांतून अमेरिकन समाजावर, तिथल्या स्त्रियांवर कडक टीका करू लागले, आणि ज्यांच्या घरचे मीठ खाल्ले त्या स्नेह्यांपुढे आनंदीबाईंची स्थिती किती अवघड झाली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पतीचा मान राखायचा, यजमानांचे मन राखायचे आणि अभ्यासही राखायचा!

पाठोपाठ दुसऱ्या पाहुण्या आल्या. महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडले यांनी पंडिता रमाबाईंना पदवीदानासाठी आग्रहाने बोलावले. रमाबाई तेव्हा इंग्लंडमध्ये होत्या. आनंदीबाईंशी त्यांचे दूरचे नाते होते. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या हिवाळ्यातला अटलांटिक ओलांडून पदवीदानाच्या अगदी तोंडावर पोहोचल्या. निमंत्रण डीनबाईंचे, पण त्या शहरात रमाबाईंचे आपले माणूस म्हणजे आनंदीबाईच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रमाबाईंनी 1883 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्याच वर्षी आनंदीबाईंनी स्वधर्म न सोडण्याची प्रतिज्ञा करून देश सोडला होता. दोघींच्या वाटा इतक्या उघडपणे भिन्न होत्या. रमाबाईंच्या त्या निर्णयाशी आपण सहमत होऊ शकत नाही, आनंदीबाईही नव्हत्या. तरीही एकीने आप्त म्हणून यावे आणि दुसरीने आप्त म्हणून स्वागत करावे, यात दोघींनाही अडचण वाटली नाही. स्वधर्मावर ज्याची मांड पक्की आहे, त्याला दारी आलेल्या माणसाची धास्ती वाटत नाही. आनंदीबाईंचे आतिथ्य हे त्यांच्या निष्ठेतूनच आलेले होते, असे मला वाटते.

11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या संगीत अकादमीच्या भव्य सभागृहात आनंदीबाईंना पदवी मिळाली. एकविसावे वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस उरले होते. पती समोर, रमाबाई समोर, टाळ्यांचा कडकडाट. पण त्या कौतुकाच्या गर्दीत, या मुलीच्या अंगात किती त्राण उरले आहे, हे कोणी पुरेसे पाहिले का? पुढे बॉस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्या अनुभवासाठी गेल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. ऑक्टोबरमध्ये त्या परत निघाल्या, नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. ती त्यांना स्वीकारता आली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्यांची प्राणज्योत मालवली. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला जागा मिळाली. ज्या घराने पाहुणी म्हणून दार उघडले, त्याच घराने अखेरीस तिला आपली लेक मानले.

पाहुण्यांमुळे आनंदीबाईंची प्रकृती ढासळली, असे मी म्हणत नाही. तो अन्याय होईल. क्षयावर तेव्हा औषधच नव्हते. माझे म्हणणे एवढेच, की पाहणारे सगळे पदवी पाहत होते.

आपल्याकडे अतिथीला देव मानण्याची शिकवण आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. ती शिकवण येते तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीत. आचार्य ती कोणाला सांगतात? ज्याचे अध्ययन पूर्ण झाले आहे आणि जो आता गुरुगृह सोडून निघाला आहे, अशा शिष्याला! माता, पिता, आचार्य आणि मग अतिथी, असा तो क्रम आहे. म्हणजे निरोपाच्या दिवसांत असलेल्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर ऋषींनी हा भार ठेवला. आनंदीबाईंनी तो उचलला, माझ्या भाच्यानेही उचलला. आपली मुले यात कधी कमी पडत नाहीत. म्हणूनच तो भार जाणणे ही पाहुण्याची जबाबदारी ठरते. देवपण स्वीकारायचे, तर भक्ताचे हाल देवाने पाहायला नकोत काय?

हे पाहणे म्हणजे काय, याचा धडा शोधायला अमळनेरकरांना दूर जावे लागत नाही. 1924 ते 1930 या काळात येथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणे नीट करत, कंदिलाच्या काचा पुसत; आजारी मुलाच्या उशाशी बसत. मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढत. गुरुजींची राजकीय मते आपल्यापैकी अनेकांना मान्य नसतील. पण घरापासून दूर असलेल्या मुलाकडे कसे पाहावे, हे त्यांनी याच गावात दाखवून दिले. त्यांनी आधी मूल पाहिले, मग त्याचे गुण.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाकडे जरूर जा. पण तिकीट काढण्यापूर्वी प्रबंधाची, परीक्षेची तारीख विचारा. शक्य असेल तर ती उलटल्यावर जा. आधीच जावे लागले, तर प्रेक्षणीय स्थळांची यादी घरी ठेवा. त्याच्या ओट्याशी उभे राहून खिचडी टाका, भाकरी थापा, खोकी भरायला हात लावा. आणि 'नोकरी लागली का, पगार किती' हे विचारण्याआधी 'झोप होते का रे, जेवतोस का' हे विचारा.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक सांगतो. दारी आलेल्याला हसून 'या' म्हणा, ते आपले संस्कार आहेत. पण मामा-काकांना 'आज मला बसून लिहायचे आहे' असे सांगण्यात आतिथ्याचा भंग होत नाही. ताप असेल, तर तो लपवू नका.

माझ्या भाच्याने तो लपवला, आणि मी पाहिला नाही. त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा जळत असताना मी त्याच्या कपाळावर नुसता हात ठेवला असता, तरी मला कळले असते. तेवढे तुम्ही करा, एवढीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.