कौसल्येसाठी टोपलीभर चिकू



डहाणूच्या मामलेदार कचेरीत कनिष्ठ कारकून म्हणून मी रुजू झालो त्या काळी जिल्हा ठाणे होता. पालघर हा स्वतंत्र जिल्हा व्हावयास, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ ही तारीख उजाडावयास, अजून पुष्कळ अवकाश होता. नव्या कारकुनास प्रथम जुन्या दप्तराची धूळ झटकावयास बसविण्याचा जो रिवाज सर्वच कचेऱ्यांत आहे, त्यास अनुसरून माझ्या वाट्यास लाल फडक्यांत बांधलेले काही रुमाल आले, आणि त्यांतील कागदांवर जागोजाग ‘तालुके उंबरगाव, जिल्हे ठाणे’ असा मजकूर वाचून मला प्रारंभी नवल वाटले. कारण उंबरगाव हे गुजरातेत, एवढेच शाळेच्या नकाशाने मला शिकविले होते. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा या तालुक्यातील गावांचीही वाटणी झाली, काही पलीकडे गेली, तलासरीकडची आपल्याकडे राहिली, आणि झाईच्या किनाऱ्यावर एक सरहद्द उमटली. ती सरकारी कागदावर होती; समुद्रास व सोयरिकींस तिचा पत्ता नव्हता. झाईची मासळी पलीकडे जात होती आणि पलीकडच्या मुली इकडे सुना म्हणून येत होत्या. दोन्हीकडच्या बाजारांत जी भाषा चालते ती मराठी की गुजराती, याचा निर्णय देण्यास मला कोणी नेमिले, तर मी प्रकरण पुढील तारखेवर टाकीन.

अशा या आमच्याच, पण आमच्या अंमलाबाहेरच्या उंबरगावात १९८६च्या सुमारास अयोध्या उभी राहिली. वृंदावन स्टुडिओ नावाच्या जागेत रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रण सुरू झाले, आणि हिराभाई पटेल यांच्या कलादिग्दर्शनाखाली तेथे राजवाडे, आश्रम, अरण्ये व कालांतराने लंकाही निर्माण झाली. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर पहिला भाग दिसला. त्यानंतर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता डहाणूच्या बाजारपेठेत काय शांतता पसरत असे, हे ज्यांनी अनुभविले त्यांस वर्णन नको, आणि ज्यांनी अनुभविले नाही त्यांस ते खरे वाटणार नाही. आमच्या आळीत एकच रंगीत संच होता. त्याचे धनी त्यास हार घालीत, उदबत्ती लावीत, आणि स्नान न करता येणाऱ्यास उंबऱ्याबाहेर बसवीत. मी अनेकदा उंबऱ्याबाहेर बसलेलो आहे. ५२ भागांचा मूळ संकल्प लोकांच्या आग्रहापुढे ७८ भागांपर्यंत लांबला, आणि ३१ जुलै १९८८ रोजी मालिका संपली.

आता एक गोष्ट, जी माझ्या आईने पहिल्या काही रविवारांतच हेरली आणि जिचा तिला विलक्षण अभिमान होता, ती सांगितली पाहिजे. अरुण गोविल हे राम, दीपिका चिखलिया या सीता, दारासिंग हे हनुमान आणि अरविंद त्रिवेदी हे रावण, ही नावे त्या काळी लहान पोरासही मुखोद्गत होती. परंतु अयोध्येच्या अंतःपुरात पाहावे तो दशरथ आमचे बाळ धुरी, भरत आमचे संजय जोग, मंथरा आमच्या येवल्याच्या ललिता पवार, आणि पट्टराणी कौसल्या म्हणजे साक्षात जयश्री गडकर! “रघुकुळ अर्धं मराठी आहे रे,” असे आई म्हणे, आणि ते अशा स्वराने म्हणे की जणू या पात्रयोजनेत तिचा सल्ला घेण्यात आला होता.

आईचे माहेर पुण्याचे. १९५९ साली लग्न होऊन ती डहाणूस आली, त्याच वर्षी अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ प्रदर्शित झाला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो जो लागला तो सुमारे अडीच वर्षे हललाच नाही. त्यामुळे आई पहिल्या दिवाळसणास गेली तेव्हा तो चालू होता. मंगळागौरीस गेली तेव्हा चालू होता. माझ्या वेळच्या बाळंतपणास गेली तेव्हाही चालूच होता. बुगडीच्या लावणीवर नाचणारी ती सडपातळ, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी आपल्याहून वर्षा-दोन वर्षांनी धाकटी, हे कोठूनसे आईस कळले होते, आणि तेव्हापासून तिने तिला आपल्या मनाच्या कुटुंबात धाकट्या बहिणीचे स्थान देऊन टाकले. पुढे ‘मानिनी’ आला, ‘मोहित्यांची मंजुळा’ आला. भालजींच्या ‘साधी माणसं’मधील लोहाराची बायको पाहून आल्यावर तर आई दोन दिवस चुलीतल्या निखाऱ्यांकडे निराळ्याच दृष्टीने पाहात होती, असे वडील थट्टेने सांगत. शेजारणी नट्यांविषयी जे बोलतात ते बोलत, परंतु आईच्या तोंडी ‘जयश्री’ असे उघडे नाव कधी आले नाही, नेहमी ‘जयश्रीबाई’. १९७५ साली त्यांनी बाळ धुरींशी लग्न केले, तेव्हा घरचे एखादे कार्य रीतसर मार्गी लागावे तसे समाधान आईच्या मुखावर होते.

आणि म्हणूनच तो रविवार. राम वनात गेले आणि दशरथाने पुत्रशोकाने प्राण सोडला, त्या दिवशी आळीतील यच्चयावत स्त्रिया रडत होत्या. आई रडली नाही. वडिलांस जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. ती पडद्यावरील कौसल्येकडे एकटक पाहात होती, आणि घरी येताना वाटेत एकाएकी थांबून म्हणाली, “त्या बाईला काय वाटलं असेल रे? खरा नवरा समोर मेल्याचं सोंग घेऊन पडलेला, आणि तिनं त्याच्यावर रडायचं. एकदा नाही जमलं तर पुन्हा. पुन्हा नाही जमलं तर आणखी एकदा.” मी काहीतरी नटाच्या कसबाविषयी, काहीतरी व्यवसायाविषयी बोललो, बी.ए.च्या वर्गात रसचर्चा शिकलेला मनुष्य अशा वेळी जे बोलतो ते. तिने ते ऐकून घेतले, आणि मला एकदा उंबरगावला न्यायचे, एवढे सांगितले.

१९८८च्या आरंभी, थंडीच्या दिवसांत, मी एक दिवसाची किरकोळ रजा काढली. डहाणू रोडवरून शटल घेतली की घोलवड, बोर्डी रोड आणि मग उंबरगाव रोड. एवढा हा प्रवास. डब्यात पाय ठेवावयास जागा नव्हती. तलासरीकडून पायी येऊन वाटेतल्या स्थानकावर चढलेली वारली कुटुंबे होती, बोर्डीच्या बागांतील मजूर स्त्रिया होत्या, पारशी म्हातारी होती, आणि हातात नारळ, खणाच्या पुड्या, कोणाच्या कडेवर आजारी मूल. हे सर्व सीतामाईच्या दर्शनास निघाले होते. मी ‘दर्शन’ हा शब्द जाणून योजिला आहे; तिकीट तपासनिसाने विचारले तेव्हा त्या मंडळींनीही तोच सांगितला.

सुशिक्षित मनुष्य या भाबडेपणास हसतो, आणि हसताना त्याला वाटते की हे दूरदर्शनच्या पेटीने केले. पेटी नंतर आली. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवदेवतांचे मुखवटे चढवून सोंगे नाचतात, आणि मुखवटा मुखावर आहे तोवर गावकरी त्या माणसास देव मानून नमस्कार करतात. तो उतरला की तोच देव पारावर बसून विडी ओढतो आणि कोणास त्यात विसंगती दिसत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढले, त्यात अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने रामाचे व सीतेचे अशी दोन्ही कामे केली होती. १९४३च्या ‘रामराज्य’पासून शोभना समर्थ म्हणजे सीता हे समीकरण घरोघर रूढ झाले. तेव्हा १९८८ साली उंबरगावच्या फाटकापाशी एका तरुण मुलीच्या पायांवर डोके ठेवावयास म्हाताऱ्याकोताऱ्या दाटल्या, ही परंपरा तशी दीर्घ आहे. बोहाड्याचा शहाणपणा मात्र तिच्यात एका जागी सुटला होता, असे मला राहून राहून वाटते: दूरदर्शनच्या सोंगास मुखवटा नव्हता, आणि म्हणून तो उतरविताही येत नव्हता. त्या मुलीने संध्याकाळी कोठल्या पारावर बसावे?

फाटकापाशी झुंबड होती. मध्येच आत कोठेतरी भगव्या वस्त्राची हालचाल झाली आणि शेकडो हात एकदम जोडले गेले. श्रोतेहो, माझेही जोडले गेले. रसचर्चेचा काही उपयोग झाला नाही. आई तेवढी टाचा उंचावून दुसऱ्याच कोणास शोधीत होती. अखेर ती गर्दीतून वाट काढीत दरवानापर्यंत गेली आणि तिने स्वच्छ मराठीत विचारले, “कौसल्याबाई आहेत का आज?”

दिवसभर सीता, राम आणि हनुमान या तीनच नावांच्या चौकशीने बेजार झालेल्या त्या गृहस्थाने तिच्याकडे प्रथमच जरा आस्थेने पाहिले आणि म्हटले, “अयोध्या बंद छे, माजी. हमणां लंका चाले छे.”

मी हसलो. आईस त्यात हसण्याजोगे काही दिसले नाही. अयोध्या पुन्हा केव्हा सुरू होईल, याची तिने सविस्तर चौकशी केली, आणि रावण मेल्यावर या, असे उत्तर मिळाल्यावर ते तिने रेल्वेचे वेळापत्रक ध्यानात ठेवावे तसे ठेवले. पुढील काही महिने आमच्या घरात रावणवधाची जी निकड होती ती केवळ धार्मिक नव्हती. कुंभकर्ण दोन रविवार पुरला तेव्हा ती त्रासून म्हणाली, “उरकत का नाहीत?”

पावसाळ्याच्या तोंडी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस तिने घोलवडच्या एका ओळखीच्या वाडीतून टोपलीभर चिकू स्वतः निवडून घेतले होते. (डहाणू-घोलवडच्या चिकूस आता भौगोलिक मानांकनाचा सरकारी शिक्का मिळाला आहे, त्या वेळी आईचा अंगठा हाच शिक्का होता, फळ दाबून पाहणारा.) दरवान तोच होता. त्याने आईस ओळखले, टोपलीकडे पाहिले, आणि मला फाटकाबाहेर ठेवून तिला एकटीला आत सोडले. कचेरीच्या नोकरीत मी पुष्कळ सवलती पाहिल्या आहेत, पण इतकी न्याय्य सवलत क्वचित.

फाटकाच्या गजांतून मला जे दिसले ते एवढेच. लाकडी खांबांना सोनेरी रंग दिलेल्या एका राजवाड्याच्या मागील बाजूस, जेथे खांब नुसतेच फळीचे होते, पांढऱ्या वस्त्रातील एक स्त्री खुर्चीवर बसली होती. आई तिच्यापाशी गेली. ती स्त्री उठून उभी राहिली. आईने वाकावयाचा प्रयत्न केला नाही. दोघींनी नमस्कार केला, आणि मग दोघी उभ्याउभ्याच बोलू लागल्या. पांढऱ्या वस्त्रातील कौसल्या, आणि पाच वर्षे फिकट लुगडे नेसणारी माझी आई. दूरवर कोणी ध्वनिक्षेपकावर ओरडत होते, शेजारून तलवारींचा भारा घेऊन एक पोऱ्या गेला, आणि या सर्वांत त्या दोघी हळदीकुंकवास भेटलेल्या दोन ओळखीच्या बायकांसारख्या पाच, कदाचित सात मिनिटे बोलत होत्या. एकदा आईने हात खांद्याच्या वर नेऊन घणाचा घाव घालावा तशी काही खूण केली. तो भाता-ऐरणीचा विषय असावा असा माझा तर्क आहे. एकदा दोघीही खाली पाहात गप्प राहिल्या. मग कोणीतरी हाक मारली.

परतीच्या शटलला गर्दी कमी होती. खिडकीशी बसलेल्या आईस मी घोलवड येईपर्यंत काही विचारले नाही, आणि मग मात्र राहवेना. इतका वेळ काय बोलणे झाले, दशरथाच्या मरणाचे विचारलेस का, त्या काय म्हणाल्या, असे एकामागून एक प्रश्न मी केले. ती रिकाम्या टोपलीच्या काठाची निघालेली कामटी बोटाने आत दाबीत राहिली.

२९ ऑगस्ट २००८ रोजी जयश्रीबाई मुंबईत निवर्तल्याची बातमी आली तेव्हाही मी तिला पुन्हा तेच विचारले होते. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले तेव्हा विचारावयास ती राहिली नव्हती. मी विचारले त्या दोन्ही वेळचे तिचे उत्तर एकच होते, आणि त्या संध्याकाळी शटलमध्ये तिने दिले ते असे:

“काय बोलायचं? चिकू अजून दोन दिवस ठेवून मग खा, म्हटलं. कच्चे होते जरा.”