समेची वाट

विलंबित ख्याल ऐकणारा श्रोता सबंध वेळ समेची वाट पाहत असतो. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झूमरा गात, तेव्हा चौदा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे मिनिटभर लागे. नवखा श्रोता कासावीस होई. जाणकाराला मात्र ठाऊक असे, की सम येणार आहे आणि ती ऐकायला आपण येथेच असणार आहोत.

श्रोतेहो, यातली दुसरी खात्री काढून घेतली तर काय उरेल?

जर्मनीतील हाल्बरश्टाट गावच्या संत बुर्खार्डीच्या जुन्या चर्चमध्ये असे एक वादन चालू आहे. अमेरिकन संगीतकार जॉन केज हा अमीर खाँसाहेबांप्रमाणेच १९१२ साली जन्मला. १९८७ मध्ये त्याने ऑर्गनसाठी एक रचना सिद्ध केली. ती शक्य तितक्या संथपणे वाजवावी एवढेच त्याने सांगितले. किती संथ, ते सांगितले नाही. पियानोचा नाद विरत जातो. ऑर्गनचा सूर भात्यातून वारा मिळेल तोवर टिकतो. मग संथपणाची सीमा कोणती? १९९२ मध्ये केज निवर्तला आणि हा प्रश्न इतरांवर येऊन पडला. हाल्बरश्टाटच्या कॅथीड्रलमध्ये १३६१ साली एक थोर ऑर्गन उभारला गेला होता. तेव्हापासून २००० पर्यंतची ६३९ वर्षे, तीच या वादनाची मुदत ठरली.

५ सप्टेंबर २००१ रोजी वादनास आरंभ झाला, तो विरामाने! सतरा महिने केवळ भात्याचा श्वास ऐकू येत होता. पहिला सूर निघाला फेब्रुवारी २००३ मध्ये. तेथे वादक बसलेला नसतो. वाळूच्या लहान पिशव्या पट्ट्या दाबून धरतात. २०१३ मध्ये बदललेला स्वरमेळ पुढे २०२० मध्येच बदलला. समाप्ती २६४० साली व्हायची आहे.

हा विक्षिप्तपणा नव्हे काय? पुढच्या वीसएक पिढ्यांच्या वतीने वचन देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? या आक्षेपात तथ्य आहे. याच चर्चची वास्तू एके काळी गुरे-डुकरे ठेवण्याच्या कामी आली होती. एखाद्या पिढीने पाठ फिरवली, की भाता थांबेल.

परंतु आपल्या मैफलीत गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य आठवावा. राग त्याने मांडलेला नसतो. सूर तुटू न देणे एवढेच त्याचे काम. काळाच्या मैफलीत आपली जागा बहुधा तीच असावी. सम आपल्या वाट्याला येवो वा न येवो, तंबोरा पुढच्याच्या हाती सुरात देता आला, म्हणजे झाले.