कर्ज गटातून, जमीन हातात
(भोर-वेल्ह्याच्या मेळाव्यातलं भाषण)



आज कर्जाचं बोलायचं आहे. जमिनीच्या मेळाव्यात कर्ज कशाला, असं कोणी म्हणेल. पण आपली जमीन गेली कशी ते आठवा. काही भाटघर, पानशेत, वरसगावच्या धरणांत बुडाली, काही जंगलखात्याकडे गेली, आणि काही सावकाराच्या वहीत गेली.

आखाडात घरातली नाचणी-वरी संपते. पोर आजारी पडतं. तेव्हा दोन हजार कोण देतो? सावकार, नाहीतर वीटभट्टीचा मुकादम. सावकाराचं व्याज दरमहा शेकडा १० धरा. महिन्याला २०० रुपये झाले. पाच महिन्यांत १,००० रुपये दिले, तरी मुद्दल तसंच. मुकादम व्याज मागत नाही, तो माणसंच मागतो. दिवाळी झाली की अख्खं कातकरी कुटुंब भट्टीवर, पोरांची शाळा बुडाली, आणि हिशेब त्याच्या वहीत. उचल फिटेपर्यंत माणूस अडकवणं ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्यानं ती बंद आहे आणि तसलं कर्जही रद्द होतं.

आता गटाचा हिशेब बघा. २० बाया, प्रत्येकीचे महिन्याला ५० रुपये. वर्षाला १२,००० जमले. त्यातून दोन हजार शेकडा २ नं घेतले तर महिन्याला ४० रुपये, पाच महिन्यांत २००. तेही गटातच राहतात. गट नीट चालला तर बँक तारणाशिवाय कर्ज देते. नाबार्डनं हे १९९२ साली सुरू केलं.

पण नुसत्या कर्जानं गरिबी जाते, यावर विश्वास ठेवू नका. आंध्रात खासगी कंपन्यांनी दारोदार कर्जं वाटली. एकीचं फेडायला बाया दुसरीचं घेऊ लागल्या. वसुलीचा जाच एवढा वाढला की २०१० साली सरकारला वटहुकूम काढावा लागला. कर्ज फेडायला मिळकत लागते, आणि आपली मिळकत म्हणजे जमीन आणि जंगल.

हिरड्याचंच घ्या. व्यापारी पावसाळ्यात पैसे देतो आणि उन्हाळ्यात त्याच्याच भावानं हिरडा नेतो. तेच पैसे गटानं दिले तर हिरडा वाळवून, चार ठिकाणी भाव विचारून विकता येईल. गौण वनोपजावर आपली मालकी २००६ च्या वनहक्क कायद्यानं मानली आहे.

म्हणून तीन गोष्टी ठरवू या.

एक, कर्जापायी जमीन गहाण नाही आणि कोऱ्या कागदावर अंगठा नाही. वनहक्काचा पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. आदिवासीची सातबाऱ्याची जमीनही परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. महसूल कायद्याचं कलम ३६-अ तेच सांगतं.

दोन, गटाची वही दर बैठकीत मोठ्यानं वाचायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपला आकडा कळला पाहिजे.

तीन, कातकरी बाईला गटाबाहेर ठेवायचं नाही. भट्टीवर गेली म्हणून हप्ता चुकला, की नाव कापलं, असं करू नका. परत आल्यावर भरू द्या. आणि पावसाळ्यातलं पहिलं कर्ज, जिच्या घरी उचल यायच्या बेतात आहे तिलाच द्या. ती उचल थांबली तर गट कामाचा.

जिंदाबाद!