भिंतीपलीकडचा आवाज

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच दिवशी मी मुलांच्या उन्हाळी आजारांवर बोलले होते. या वेळी चिटणीसबाईंनी विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "समारंभाच्या दिवशी हे?" त्यांचे काही चुकले नाही. पण एरवी आपण पापडांच्या हिशेबात असतो. इतक्या जणी एकत्र सापडतात त्या आजच. तेव्हा घरातच मार खाणाऱ्या बाईविषयी मी आज बोलणार आहे.

मी सत्तावीस वर्षे परिचारिका होते. त्यांतली बरीचशी ड्रेसिंगच्या खोलीत गेली. मोरीत पाय घसरला, कपाटाचे दार लागले, मुलाचा चेंडू बसला, ही कारणे किती वेळा ऐकली असतील! मोरीत घसरणाऱ्याचे मनगट मोडते, गुडघा सोलवटतो; दोन्ही दंडांवर बोटांचे वळ उमटत नाहीत. हे आम्हाला कळत नव्हते असे नाही.

आमच्याच इमारतीतली एक बाई तीन वर्षांत चार वेळा दवाखान्यात आली. डॉक्टर विचारीत, "कशाने झाले?" नवरा दारातच उभा. ती म्हणे, "पडले." कागदावर तेच लिहिले जाई आणि मी पट्टी बांधीत असे. एकदा ती एकटी सापडली, तेव्हा मी तिला काय सांगितले असेल? "पोरांकडे बघून सांभाळून घे, मनाने वाईट नाही तो." ही माझी अक्कल! पुढे ती न्यायालयात गेली. तिने पुरावा म्हणून जोडलेले तेच चार कागद समोरच्या वकिलाने तिच्यावर उलटवले: "बाई, इथे तर घसरून पडल्याचे लिहिले आहे." निकाल शेवटी तिच्या बाजूने लागला, पण फार उशिरा, तोवर धाकटा मुलगा आजोळीच वाढला. तिने मला कधी बोल लावला नाही. जिन्यात भेटली की हसते. मीच खाली बघते.

अशा बाईविषयी आपण लगेच विचारतो, "मग सोडून का जात नाही?" जायचे कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. हातात पैसा नाही, मुलांच्या शाळा इथे, माहेरी भावाचा संसार. शिवाय तो रोज वाईट नसतो. मारल्यावर रडतो, शपथा घेतो, आणि तिलाही पुन्हा वाटते, या खेपेला सुधारेल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: बाई घर सोडायला निघते, तो काळच तिला सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून तिला घाई करू नये आणि तिच्या वतीने आपण निर्णय घेऊ नये. "तुझ्यावर माझा विश्वास आहे" एवढे म्हटले तरी पुष्कळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या शंभर स्त्रियांमागे सुमारे १४ जणींनीच मदत मागितली होती. बहुतेकींनी कोणाजवळ चकार शब्दही काढला नव्हता.

पुष्कळ जणींना वाटते, तक्रार म्हणजे नवरा तुरुंगात आणि संसार उघड्यावर. छळाबद्दल शिक्षेचे कलम आहेच. १९८३ साली ते ४९८-अ म्हणून आले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ वे कलम झाले. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा निराळा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. मार थांबावा आणि डोक्यावरचे छप्पर जाऊ नये, एवढेच जिला हवे आहे तिच्यासाठी तो आहे. घर तिच्या नावावर नसले तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. दंडाधिकारी नवऱ्याला मनाई हुकूम करू शकतात, खर्चाची रक्कम ठरवून देऊ शकतात, मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. हुकूम मोडला तर मात्र तो गुन्हा. मारहाणच हवी असे नाही. पगार काढून घेणे, माहेरी फोन करू न देणे, मुलगीच झाली म्हणून टोचून बोलणे, अंथरुणात बळजबरी, हे सारे त्यात येते. आणि केवळ सुनांसाठीच नव्हे हो! मुलगा आईवर हात उगारतो, त्या आईलाही हा कायदा आहे.

शेजाऱ्यांचे काय? याच कायद्याचे चौथे कलम सांगते की, असा प्रकार होत आहे असे ज्याला वाटते, तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे "आपण कशाला पडा मध्ये" याला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. २००८ साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती: भिंतीपलीकडे मारहाण ऐकू आली की दाराची घंटा वाजवायची, विरजण मागायचे. तेवढ्याने त्या वेळचा हात खाली येतो. पण एकटीने जाऊ नका, आणि जिवाची भीती दिसली तर आधी ११२ फिरवा. सल्ल्यासाठी १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे. 'सखी' केंद्रांत डॉक्टर, पोलीस, वकील यांची मदत एका जागी मिळते, थोडे दिवस राहताही येते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील फुकट मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो.

आणि दवाखान्यात खरे सांगा. नवरा सोबत असेल तर "मला बाईंशी एकटीने बोलायचे आहे" म्हणा. नर्सला ते बरोबर कळते. कोणी मारले, कशाने मारले, हे कागदावर लिहून घ्या आणि प्रत मागा.

ती प्रत घरी ठेवता येत नाही, ही खरी अडचण. म्हणून कार्यकारिणीने माझी एक सूचना मान्य केली आहे. मंडळाच्या कपाटाचा खालचा खण आता रिकामा केला आहे. लग्नाचा दाखला, आधार कार्ड, शिधापत्रिका, पासबुक यांच्या झेरॉक्स, दवाखान्याचे कागद, थोडे पैसे, ज्या कोणाला ठेवायचे असतील तिने पाकिटात बंद करून ठेवावे. पाकिटावर नाव घालण्याची गरज नाही, एखादी खूण पुरे. किल्ली माझ्याकडे असते, आणि दुपारी तीननंतर मी घरीच असते.