शिक्षा संपल्यावर माणसाला काय म्हणावे?



मी वकील नव्हे. शाळा आठवीत सुटली. कायद्याची पुस्तके वाचली ती युनियनच्या कचेरीत, गरज पडेल तशी. हा विषयही असाच अंगावर आला. सातपूरचा एक फिटर माझ्याकडे नोकरीचा अर्ज घेऊन आला. ऐन विशीत मारामारीत सापडून त्याने सात महिने तुरुंगात काढले होते. अर्जात प्रश्न होता, ‘आपण गुन्हेगार आहात काय?’ पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. तो म्हणाला, ‘‘भाऊ, यातली माझी कोणती?’’

कायद्याचे शब्द पाहू. ज्याच्यावर आरोप तो आरोपी. निकालापूर्वीच तुरुंगात ठेवला तर कच्चा कैदी. त्याला कोणी दोषी ठरविलेले नसते, हे आपण सोयीस्कर विसरतो. गुन्हा शाबीत झाला की सिद्धदोष. १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजीही नोंदवहीत शिक्षा झालेले कैदीच होते!

आणि सुटल्यावर? येथे कायदा बहुधा मुदतीने बोलतो. तुरुंगात असेतो मत देता येत नाही. फाटकाबाहेर आला की तो पुन्हा मतदार. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्यास निवडणूक लढविता येत नाही, पण ती बंदी सुटकेनंतर सहा वर्षांनी उठते. आमच्या ट्रेड युनियन कायद्यात १९६४ साली अशी अट आली की, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याने सुटकेनंतर पाच वर्षे पदाधिकारी होऊ नये. हे ‘नैतिक अधःपतन’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. न्यायालये प्रकरणागणिक ठरवीत आली. परिवीक्षेच्या १९५८ च्या कायद्याने तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताच लागू होत नाही.

मुदत नसलेला शिक्काही आपल्याकडे होऊन गेला. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरविल्या. शिक्षा नाही, खटला नाही, जन्म एवढाच पुरावा. तो कायदा १९५२ साली गेला. मागोमाग ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द राज्याराज्यांच्या कायद्यांत आला. तो पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या व्यक्तीसाठी होता, जमातीसाठी नव्हे. तरी तुरुंगांच्या नियमांत तो जुन्याच जमातींना चिकटून राहिला, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यावर बोट ठेवावे लागले.

मालकाने काहीच विचारू नये, असे माझे म्हणणे नाही. युनियनचा खजिनदार निवडताना मीही विचारीन. पण काय झाले, केव्हा झाले, हे विचारीन. ‘आहात काय’ या प्रश्नात सात महिन्यांची शिक्षा जन्मभराची होते.

आम्ही त्या दोन्ही चौकटी कोऱ्या ठेविल्या. खाली लिहिले, ‘शिक्षा झाली होती, भोगून पुरी झाली’, आणि दोन्ही तारखा घातल्या. कचेरीतला कारकून म्हणाला, एवढे लिहायला अर्जात जागा नाही. मग वेगळा कागद जोडला.